बद्द आवाज

एमएस्सीच्या पहिल्या वर्षाला असताना सरांनी माझ्या टेबलावर चर्टचा, म्हणजे सिलिकाच्या कठीण दगडाचा, मुठीएवढा राखाडी तुकडा ठेवला. "यातला शंख बाहेर काढायचा. आजचा पूर्ण दिवस घे." तुटलेल्या कडेला शंखाचा नखाएवढा वळसा दिसत होता, बाकी सगळा दगडात.

दगड नागपूरजवळच्या इंटरट्रॅपियन, म्हणजे दोन लाव्हाप्रवाहांच्या मधल्या, थरातला होता. लाव्हाचा एक प्रवाह थंड झाल्यावर इथे तळी साचली, त्यांत गोगलगायी वाढल्या, आणि मग पुढचा प्रवाह वरून आला. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीची गोष्ट. हिस्लॉप आणि हंटर या नागपुरातल्या मिशनऱ्यांनी टाकळीच्या परिसरातून असेच जीवाश्म गोळा करून १८५५ साली त्यावर लिहिलं. ती टाकळी आता शहरातच आली आहे. मी तिथून रोज बसने जाते.

माझ्याकडे होतं काय? छोटी हातोडी, दोन बारीक छिन्न्या, दाताच्या डॉक्टरांकडच्या टाकाऊ सुया, भिंग, टूथब्रश आणि वाळूची पिशवी. आधी पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकून पाहिला. चुनखडी असती तर फसफसली असती, चर्ट ढिम्म. मग सुईने ओरखडलं, तर दगडावर चरा न उठता चंदेरी रेघ उमटली. दगड झिजत नव्हता, माझी सुई झिजत होती. पोलादापेक्षा चर्ट कठीण असतो हे परीक्षेत लिहिलं होतं, हाताला मात्र ते तेव्हाच कळलं.

प्रयोगशाळेतले काका मागे उभे होते. त्यांचे वडील पाथरवट. ते म्हणाले, "बेटा, डोळ्यांनी नको, कानाने काम कर. दगड धड असला की खणखणतो. आत चीर गेली की बद्द वाजतो. बद्द आला की हातोडी खाली."

गॉगल चढवला, मास्क बांधला, दगड ओला केला, कारण सिलिकाची धूळ फुप्फुसात बसली की बाहेर येत नाही. तुकडा वाळूच्या पिशवीत रुतवला आणि शंखापासून लांबच्या कडेने सुरुवात केली. टक, टक, टक. छिन्नीचं टोक शंखाकडे वळू द्यायचं नाही. आवाज बद्द झाला की हातोडी ठेवायची, चिरेत सुई घालून कपची हलकेच उचकटायची. दुपारपर्यंत बोटाच्या पेराएवढा भाग मोकळा झाला. शंखही सिलिकाचाच झालेला, तरी त्याच्या आणि दगडाच्या मध्ये एक नाजूक सांधा असतो. नशीब बरं असेल तर कपची नेमकी तिथेच सुटते आणि खाली गुळगुळीत, मधासारखा तपकिरी पृष्ठभाग दिसतो. त्यावरच्या वाढीच्या बारीक रेषा भिंगातून पाहताना मी जेवायला जायचंच विसरले.

पाचच्या सुमारास शेंड्यापाशी पोचले. एक ठोका मारला, बद्द आवाज आला. मला तो ऐकू आला होता. तरी वाटलं, अजून एकच. तो मारला आणि शेंड्याचे दोन वळसे उडाले.

काका काही बोलले नाहीत. दार लावून घेतलं, मला जागेवरून हलू दिलं नाही आणि टॉर्च जमिनीला समांतर धरून फरशी तपासू लागले, म्हणजे बारीकशा तुकड्याचीही लांब सावली पडते. फरशीवर काहीच नव्हतं. तुकडा शेवटी वाळूच्या पिशवीच्या शिवणीत अडकलेला सापडला, ज्वारीच्या दाण्याएवढा. ॲसिटोनमध्ये विरघळवलेल्या पॅरालॉइड बी-७२ या चिकट राळेचा एक थेंब देऊन तो बसवला आणि नमुना वाळूत उभा ठेवला.

सर आले. त्यांनी शेंडा वर करून शंख माझ्यासमोर धरला. तोंड डावीकडे होतं. बहुतेक गोगलगायींचं उजवीकडे असतं. डावं म्हणजे फायसा, गोड्या पाण्यातल्या गोगलगायीचा एक प्रकार. दिवसभर तो वळसा माझ्या हाताखाली होता आणि त्याची दिशा मी एकदाही पाहिली नव्हती.

नोंदवहीत मी नमुन्याचा क्रमांक लिहिला, त्यापुढे: फायसा, डावा वळसा. शेंडा तयारी करताना तुटला, जोडला आहे.