एकोणतिसावा रोजा आणि पाडव्याचं पुरण

मिरज मागं पडली की महालक्ष्मी एक्सप्रेसमध्ये मला झोप लागत नाही. लहानपणापासूनचं आहे हे. जयसिंगपूर, हातकणंगले, रुकडी, दोन्ही बाजूंना ऊस, मग पंचगंगेचा पूल आणि पुढं वळिवडे. दुसऱ्या महायुद्धात परागंदा झालेली पोलंडची सुमारे पाच हजार माणसं, बहुतेक बायका आणि मुलं, १९४३ ते १९४८ या काळात या वळिवड्यात राहिली. हे मला मामांनी सांगितलेलं. मामा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. मी उतरले की पिशवी हातात घेता घेता ते दर वेळी विचारायचे, "वळिवडं बघितलंस काय?" आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून सांगायचे. घर गेलेली माणसं एवढ्या लांबून आपल्या गावाला आली, इथलं जेवली, याचा त्यांना फार अभिमान होता.

यंदा वळिवडे गेलं आणि स्टेशनवर मामा नसणार हे तेव्हा कुठं नीट उमगलं.

मामा डिसेंबरात गेले. २०२५ चा पाडवा ३० मार्चला, रविवारी. आतेभाऊ परदेशात, तो दिवसकार्य उरकून परतलेला. माझ्या नवऱ्याच्या बँकेचं वर्षअखेर, म्हणजे त्याचं येणं शक्यच नव्हतं. मी शुक्रवारी रात्री कल्याणला एकटीच गाडीत बसले. आत्या फोनवर म्हणाली होती, "कशाला येतीस? यंदा घरात सण नाही." म्हणून तर निघाले.

आत्याचं घर कोल्हापूरच्या जुन्या पेठेत, रंकाळा तलावाच्या अलीकडे. तिच्या सासरची रीत अशी की घरातलं माणूस गेलं तर वर्ष होईपर्यंत गुढी उभारायची नाही, पुरण घालायचं नाही, तळणीची कढई चुलीवर चढवायची नाही. घराघराची रीत वेगळी असते. आमच्याकडे पहिला सण काढला की झालं. पण या रीतीला दुसरी बाजू आहे आणि ती मला फार मोलाची वाटते. ज्या घरात कढई चढत नाही, त्या घरात सणाचं ताट शेजाऱ्यांनी आणून द्यायचं. त्यासाठी कुणी विचारत नाही, कुणी सांगत नाही. ताट येतं.

शनिवारी अमावास्या. दुपारी पलीकडच्या चाची आल्या आणि मला म्हणाल्या, "चल, मंडईला जाऊन येऊ." त्यांचा अठ्ठाविसावा रोजा होता. ऊन डोक्यावर. मी म्हटलं, तुम्ही कशाला, मी आणते. तर म्हणाल्या, "तुला गूळ कळतो काय?" कपिलतीर्थ मंडईत पाय ठेवायला जागा नव्हती. कडुलिंबाच्या डहाळ्या, आंब्याचे टाळे, झेंडू, साखरेच्या माळा, वेळूच्या काठ्या. चाचींनी तीन दुकानं पालथी घातली. पहिल्या दुकानात पिवळाधमक गूळ होता, तो त्यांनी हातातसुद्धा घेतला नाही. "हा केमिकलचा. काळपट दिसतो तो घ्यायचा." शेवटी तांबूस काळपट ढेप सापडली, तिचा खडा त्यांनी बोटांत फोडून बघितला आणि माझ्या तोंडाशी धरला, कारण त्यांना स्वतःला चाखता येत नव्हतं. शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरीची पेठ वसवली ती याच गुळाच्या व्यापारासाठी. आता कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन आहे. पण घरात पोळीसाठी कुठला खडा यायचा ते अजून चाचींसारख्या बायकाच ठरवतात, आणि ठरवावं त्यांनीच.

येताना कळलं की हा गूळ त्यांच्यासाठी नव्हता. "वहिनींच्या घरात पुरण नाही, तर मी घालतो," त्या म्हणाल्या. कोल्हापुरात बायकाही 'मी येतो, मी करतो' असंच बोलतात. कानावर पडलं की मला माहेरी आल्यासारखं होतं.

पाडव्याच्या सकाळी आत्यानं कडुलिंब मात्र वाटला. कोवळी पानं, थोडा फुलोरा, गूळ, भिजवलेली हरभऱ्याची डाळ, जिरं, हिंग. "एवढं खायचंच," म्हणाली आणि सुपारीएवढी गोळी माझ्या तळहातावर ठेवली. मामांच्या फोटोसमोरही एक ठेवली. मग खिडकीशी जाऊन बसली. समोरच्या गच्चीवर गुढी चढत होती. जरीची साडी, वर पालथा तांब्या, त्याला साखरेची माळ. आमच्या गच्चीतली काठी कोपऱ्यात तशीच उभी होती.

नऊ वाजता चाचींचा नातू धावत आला. "आजी, दादी बोलावतीया. लगेच."

चाचींच्या स्वयंपाकघरात वेलदोड्याचा आणि जायफळाचा वास भरून राहिला होता. डाळ पहाटेच शिजली होती, सहरीला उठल्या तेव्हाच. वरचं पाणी, म्हणजे येळवणी, एका पातेल्यात काढून ठेवलेली. दुसऱ्या पातेल्यात डाळीला डाळीएवढा गूळ घालून पुरण आटत होतं. मी बघत असताना चाचींनी मधोमध पळी रोवली आणि हात सोडला. पळी कलली. पुन्हा ढवळलं, पुन्हा रोवली. तिसऱ्या वेळी ती ताठ उभी राहिली, तसा त्यांनी गॅस बंद केला. गरम असतानाच सुनेनं पुरणयंत्र फिरवायला घेतलं. एका बाजूला तेलात तिंबलेली कणीक झाकून ठेवलेली. दुसऱ्या शेगडीवर येळवणीच्या आमटीला उकळी आलेली, वर कांदा-लसूण चटणीचा तांबडा तवंग.

आत्या दारातच थबकली. चाची म्हणाल्या, "वहिनी, मला रोजा आहे. माझ्या घरात चाखायला कोण नाही. या नातवाला काय कळतंय? तुम्ही मीठ बघा."

सून होती, पण तिचाही रोजा होता.

आत्या आत आली. पळीतली आमटी तळहातावर घेतली, चाखली, मान हलवली. "बरोबर आहे." चिमूटभर पुरण तोंडात टाकलं. "बरोबर आहे."

चाचींचा चेहरा पडला. का, ते मला दुपारी कळलं. माझी आत्या अख्ख्या पेठेत ठाऊक आहे ती नावं ठेवण्यासाठी. कुणाच्या पोळीचा काठ जाड, कुणाचा भात चिकट, कुणाच्या रश्शात खोबरं फार. मामा म्हणायचे, हिनं नाव ठेवलं की समजायचं हिला बरं वाटतंय. आणि आमटीत मीठ खरोखर कमी होतं. दुपारी पहिल्याच घासाला मला कळलं.

चाची पोळ्या लाटायला बसल्या. पुरण कणकेहून जास्त, उंडा तळहातावर हलका दाबलेला, खाली तांदळाची पिठी. लाटणं मध्यावर येतच नव्हतं, कडेकडेनं फिरत होतं. ही लकब आत्याची. मी डोळे मिटूनही ओळखीन. तसं म्हटलं तर चाची हसल्या. "त्यांनीच शिकवलं. मी मिरजेहून लग्न होऊन आलो, त्या वर्षी पाडवा आन् ईद अशीच लागून आली होती. वहिनी मला हाताला धरून त्यांच्या चुलीपुढं घेऊन गेल्या."

मी मनातल्या मनात हिशेब केला. पाडवा आणि रमजान ईद लागून येते त्यात गूढ काही नाही, चंद्र एकच आहे. फाल्गुनी अमावास्या संपली की चैत्राची प्रतिपदा, आणि तीच कोर दिसली की शव्वालची पहिली तारीख, म्हणजे ईद. फरक एवढाच की हिजरी वर्ष साधारण ३५४ दिवसांवर संपतं, तर आपण दर अडीच-तीन वर्षांनी अधिक महिना घालून ऋतूंशी मेळ जमवतो. म्हणून ईद दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते आणि काही वर्षं ही जोडी जमते. गेल्या वर्षी पाडवा ९ एप्रिलला होता, ईद ११ ला. पुढच्या वर्षीही दोन्ही लागूनच आहेत. मग अधिक ज्येष्ठ येतो आणि जोडी सुटते. त्याआधी हे १९९२ आणि १९९३ मध्ये जमलं होतं. म्हणजे चाचींना पोळी येऊन तेहतीस-एक वर्षं झाली.

दुपारी एकपर्यंत आत्याच्या ओट्यावर सहा ताटं आली. चाचींचं सगळ्यात आधी. मग समोरच्या वहिनींचं, त्यात कुरडया आणि भजी, कारण आमच्याकडे तळण नाही हे त्यांना माहीत. मग कोपऱ्यावरच्या काकूंचं श्रीखंड-पुरी. खालच्या भाडेकरूंची गुळवणी. पोळ्याच तेवीस झाल्या. आम्ही दोघी जेवलो, दुधाबरोबर एक आणि आमटीबरोबर एक. आत्यानं ताटातलं सगळं संपवलं. कशालाच नाव ठेवलं नाही.

संध्याकाळी सहानंतर मी गच्चीवर गेले. हे दृश्य मी विसरणार नाही. गुढी सूर्य मावळायच्या आत उतरवतात. त्यामुळं चहूकडच्या गच्च्यांवर माणसं काठ्या खाली घेत होती, हळदीकुंकू वाहत होती, साड्यांच्या घड्या घालत होती. साखरेच्या गाठी पोरांच्या हातांत पडत होत्या. आणि त्याच वेळी जिन्यांतून दुसरी माणसं वर येत होती, टोप्या घातलेली मुलं, ओढण्या सावरणाऱ्या मुली, सगळ्यांची तोंडं पश्चिमेला, रंकाळ्याच्या बाजूला. चाचीही आल्या, मागोमाग आत्या. पावणेसातच्या सुमाराला सूर्य बुडाला. जेमतेम सव्वीस तासांची कोर ती, नखाच्या कडेसारखी. पहिल्यांदा दिसली चाचींच्या नातवाला. तो ओरडला आणि चार गच्च्यांवरून एकदम गलका झाला.

चाचींनी हात पसरून दुआ मागितली. आत्यानं हात जोडले. मग चाचींनी खजुरानं रोजा सोडला, पाणी प्यायल्या आणि खाली न जाता तिथंच कठड्याशी बसून सकाळची स्वतःची पोळी मोडली, आमटीत बुडवली. दिवसभरात पहिल्यांदा त्यांनी ती चाखली.

"वहिनी," त्या म्हणाल्या, "मीठ कमी आहे की!"

"असू दे गं," आत्या म्हणाली.

जिना उतरताना चाची मला हळूच म्हणाल्या, "तुझी आत्या नाव ठेवेना झाली. हे काय खरं नाही."

रात्री चाचींच्या मुलाबरोबर मी गंगावेशीत दुधाला गेले. तिथल्या दूधकट्ट्यावर म्हशी उभ्या असतात, समोर धार काढून देतात, पितळी पेल्यात फेस वर येतो. त्या रात्री गर्दी अशी की कॅन, बरण्या, स्टीलच्या घागरी, ज्याला जे मिळालं ते घेऊन लोक उभे. निम्मे शिरखुर्म्यासाठी, निम्मे नेहमीचे पैलवान आणि पोरं. कुणीतरी मागून म्हणालं, "ईदवाल्यांना आधी सोडा रे, त्यांना रात्री आटवायचं असतं," आणि रांग खरंच बाजूला झाली. आम्ही पाच लिटर घेतलं.

सोमवारी सकाळी दसरा चौकात मुस्लीम बोर्डिंगच्या मैदानावर नमाज झाली. हे बोर्डिंग शाहू महाराजांच्या पाठबळानं १९०६ साली उभं राहिलं, मुसलमान मुलांच्या शिक्षणासाठी. नातू नव्या कुडत्यात तिथून परतला तो थेट आमच्याकडे. शेवया, खारीक, चारोळी, बदाम, खसखस आणि गंगावेशीचं दूध. वर तुपाचे थेंब. मला वाटलं होतं, आज बिर्याणीही येईल. आली नाही. चाचींना ठाऊक की आत्याचा सोमवार असतो आणि मंगळवार देवीचा. "बुधवारी या," निरोप आला. "बुधवारी मटण करतो." स्वतःच्या ईदचं मुख्य जेवण शेजारणीच्या वाराप्रमाणे दोन दिवस पुढं ढकलायचं आणि त्याचा गाजावाजाही करायचा नाही. माझ्या डोंबिवलीतल्या मजल्यावर चार बिऱ्हाडं आहेत. कुणाचा कुठला वार, मला सांगता येणार नाही.

मी रजा वाढवली.

मामा गेल्यापासून आत्यानं मटण शिवलं नव्हतं. बुधवारी ती येईल की नाही याची मला खात्री नव्हती. बारा वाजता तिनं कपाटातून इस्त्रीची साडी काढली आणि सोमवारचा रिकामा डबा हातात घेतला. त्यात पाडव्याच्या साखरेच्या माळा घातल्या, समोरच्या वहिनींनी दिलेल्या. डबा रिकामा परत करायचा नसतो.

चाचींकडे सतरंजीवर ताटं मांडली होती. सुकं मटण, भाकरी, तांबडा, पांढरा, कांदा, लिंबू. चाची स्वतः वाढायला उभ्या. आत्याच्या वाटीत पांढरा रस्सा ओतला आणि तिथंच उभ्या राहिल्या, पळी हातात तशीच.

आत्यानं वाटी तोंडाला लावली. एक घोट. मग दुसरा. वाटी खाली ठेवली, पदरानं ओठ टिपले.

"मीठ कमी आहे गं भाभी," ती म्हणाली. "आणि खोबरं तू दरवेळी जास्तच घालतीस."

चाचींनी पळी सुनेच्या हातात दिली आणि मीठ आणायला स्वतः आत गेल्या. बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.