मघेची गिरकी

साताऱ्याच्या आपल्या शाळेत मघा आम्हाला आधी पावसाचे नक्षत्र म्हणून ठाऊक होती, तारा म्हणून ती नंतर भेटली. वर्गातील बरीच मुले शेतकऱ्यांच्या घरची असल्यामुळे ‘न पडतील मघा, तर ढगाकडे बघा’ ही म्हण सर्वांना पाठ होती. मात्र ज्या ऑगस्टमध्ये मघाचा पाऊस पडतो, त्याच ऑगस्टमध्ये मघा आकाशात का दिसत नाही, हा प्रश्न विज्ञानाच्या सरांनी विचारेपर्यंत कोणालाच पडला नव्हता. त्या पंधरवड्यात सूर्य मघेच्या सोबत उगवतो व मावळतो, हे फळ्यावर आकृती काढून त्यांनी समजावले आणि फेब्रुवारीतील एका संध्याकाळी, जरंडेश्वराच्या बाजूने वर आलेला सिंह राशीचा विळा व त्याच्या मुठीशी असलेला निळसर पांढरा तारा मैदानावरून दाखवला.

पाश्चात्त्य ज्याला रेग्युलस म्हणतात त्या या ताऱ्याविषयी पुढे जे समजले, ते सरांच्या वर्गात ऐकायला मिळाले असते तर त्यांनी तासिका संपल्याची घंटाही मनावर घेतली नसती. सूर्याला स्वतःभोवती फिरण्यास विषुववृत्तापाशी सुमारे २५ दिवस लागतात. त्याच्या साडेतीन-चार पट वस्तुमानाची मघा हीच फेरी अवघ्या १६ तासांत पूर्ण करते. तिच्या विषुववृत्तावरील वेग सेकंदाला सुमारे ३२० किलोमीटर असल्याने ती मध्यभागी इतकी फुगली आहे की तेथील व्यास ध्रुवांमधील व्यासापेक्षा जवळजवळ एक तृतीयांशाने जास्त भरतो, आणि केंद्रापासून दूर गेलेला हा पट्टा ध्रुवांपेक्षा काही हजार अंशांनी थंड व मंद राहतो. कॅलिफोर्नियातील माउंट विल्सन येथे अनेक दुर्बिणींचा प्रकाश एकत्र करून घेतलेल्या मोजमापांतून हा चपटेपणा २००५ मध्ये प्रसिद्ध झाला.

मला स्वतःला अधिक मोह पडतो तो खगोलभौतिकशास्त्रज्ञ सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्या गणिताचा. ताऱ्याच्या कडेकडून येणारा प्रकाश अंशतः ध्रुवित, म्हणजे त्याच्या लहरींचे कंपन एका दिशेत अधिक असलेला, असला पाहिजे, असे त्यांनी १९४६ मध्ये मांडले होते. वेगाने फिरून चपट्या झालेल्या ताऱ्यात त्याची खूण शिल्लक राहावी, हे इतरांनी नंतर दाखवले आणि २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियातील निरीक्षकांना ती मघेच्या प्रकाशात सापडली. तारा फुटून विखुरला जाईल त्या वेगाच्या सुमारे ९६.५ टक्के वेगाने मघा फिरत आहे, असा त्यांचा निष्कर्ष आहे. मघा ७९ प्रकाशवर्षे दूर असल्याने, सध्या आपल्याला दिसणारा तिचा प्रकाशही चंद्रशेखरांच्या त्या गणिताच्याच सुमारास तेथून निघालेला आहे.

एवढी गती तिला मिळाली कोठून, याचे उत्तर बहुधा तिच्याभोवती ४० दिवसांत फिरणाऱ्या एका क्षीण सोबत्यात आहे. हा श्वेत बटू, म्हणजे इंधन संपून आकसलेला ताऱ्याचा गाभा, आज वस्तुमानाने सूर्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकाही नसावा. आपले बाहेरचे द्रव्य त्याने पूर्वी मघेवर ओतले आणि त्याबरोबर फिरकीही दिली.

शाळेने येत्या फेब्रुवारीत आकाशदर्शन ठेवावे, अशी माझी विनंती आहे. लहान दुर्बिणीतून मघेचा चपटेपणा किंवा तो श्वेत बटू दिसणार नाही, हे मुलांना आधीच सांगावे. मात्र तिच्यापासून थोड्या अंतरावरचा, नुसत्या डोळ्यांना न दिसणारा आणखी एक मंद सोबती त्यांना दाखवता येईल.