रबरी मॅट, रबरी हातमोजे आणि 60 हजार व्होल्ट

"गन लीक मारतेय, पेंटरला शॉक बसतायत, आजच्या आज दुसरी गन घेऊन या" असा फोन आला की मी गन नंतर बघतो, आधी मेगर (रोध मोजायचं यंत्र) आणि स्टॅटिक फील्ड मीटर (वस्तूवर किती चार्ज साठलाय ते दाखवणारा) बॅगेत टाकतो. इलेक्ट्रोस्टॅटिक स्प्रे गनच्या सर्व्हिसमध्ये आहे मी, ठाणे-बेलापूर रोडचा पट्टा माझ्याकडे, म्हणजे रबाळे, महापे, पावणे, तुर्भे आणि वर ठाण्यातलं वागळे इस्टेट. हा फोन रबाळेहून होता. इलेक्ट्रिक मोटरच्या बॉड्या रंगवणारं युनिट, पीयू म्हणजे पॉलियुरेथेन पेंट, एक बूथ, वरून फिरणारा कन्व्हेयर. नाव सांगत नाही, कारण मालक माणूस चांगला आहे आणि अशी युनिटं त्या एमआयडीसीत गल्लोगल्ली आहेत.

ज्यांनी ही गन पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. गनच्या तोंडाशी 60 हजार व्होल्ट असतात, काही मॉडेलला 85 हजार. रंगाचा फवारा त्यातून चार्ज होऊन बाहेर पडतो आणि समोरचा जॉब, म्हणजे रंगवायची वस्तू, अर्थ केलेला असल्यामुळे त्याच्याकडे ओढला जातो, इतका की पाइपला समोरून मारलं तर मागची बाजूपण रंगते, आम्ही त्याला रॅप म्हणतो. साध्या गनने निम्म्याहून जास्त रंग हवेत आणि फिल्टरमध्ये जातो, इथे तो बराच वाचतो म्हणून मालक लोक महागडी गन घेतात. आणि 60 हजार ऐकून घाबरायचं कारण नाही, करंट मायक्रोअँपिअरमध्ये असतो, त्याने माणूस मरत नाही. धोका वेगळाच आहे, तो पुढे येईलच.

गेल्या गेल्या पेंटर मामांना भेटलो. पन्नाशीचे, कळव्याला राहतात, हात एकदम सफाईदार. मी त्यांचा उजवा हात बघितला आणि निम्मी गोष्ट तिथेच कळली. मनगटापासून कोपरापर्यंत केसांच्या टोकांवर राखाडी रंगाचे बारीक बारीक ठिपके बसलेले, मशेरीचं बोट फिरवल्यासारखे. मामा म्हणाले, "हल्ली रंग माझ्याच अंगावर येतो ओ साहेब, चष्म्यावरपण येतो." म्हणजे चार्ज झालेला रंग जॉबकडे जायच्या ऐवजी परत फिरत होता, आणि तो परत फिरतो तेव्हा समोरच्या जॉबला अर्थ मिळत नसतो, हे या धंद्यात शेंबड्या पोरालाही माहीत असतं. गनचा काही दोष नव्हता.

कन्व्हेयरला जॉब टांगायचे हुक बघितले. हुकांवर रंगाचे थरावर थर, पेन्सिलीएवढा गज अंगठ्याएवढा जाड झालेला. मेगर 500 व्होल्टवर लावला, (लावायच्या आधी बूथचा फॅन चालू आणि फवारा बंद, मेगरची स्वतःचीपण ठिणगी पडू शकते, हे कुणी सांगत नाही म्हणून सांगतोय) जॉब ते अर्थ 1 मेगाओहमच्या आत पाहिजे, इथे काटा अनंतावर जाऊन बसला. म्हणजे मोटरची बॉडी हवेत लटकत होती, स्वतःच चार्ज होत होती, आणि मामा फिरवायला हात लावतील तेव्हा त्यांना चटका देत होती. शॉकचं मूळ हे एवढंच. हुक जाळून आणा किंवा स्ट्रिपरमध्ये (रंग काढायच्या केमिकलमध्ये) टाका, तोवर जिथे जॉब टेकतो तिथे कानशीने घासून लोखंड उघडं करा, दोन तासांचं काम.

पण हे एवढं साधं राहिलं नव्हतं, कारण मधल्या काळात सगळ्यांनी मिळून त्यावर उपाय केले होते.

तिथला इलेक्ट्रिशियन म्हणजे हुशार पोरगा, आयटीआय केलेला, पॅनल एकदम टापटीप ठेवणारा. पेंटरला शॉक बसतो म्हटल्यावर त्याने काय केलं, तर मामा उभे राहतात तिथे रबरी मॅट टाकली, तीपण साधीसुधी नाही, आयएस 15652 चा शिक्का असलेली, पॅनलसमोर टाकतात ती. आता यात त्याचं काय चुकलं सांगा? 230 व्होल्टच्या जगात हे शंभर टक्के बरोबर आहे, माणसाला जमिनीपासून तोड म्हणजे करंटला वाट नाही. पण इथे उलटं आहे. इथे चार्ज झालेल्या हवेत उभा राहिलेला माणूस स्वतः चार्ज धरतो, आणि तो चार्ज पायातून, हातातून सतत जमिनीत गळत राहायला पाहिजे. मॅट टाकली की ती वाट बंद.

त्यावर कडी म्हणजे सेफ्टी ऑडिट. ऑडिटवाल्याला मामांचे हातमोजे "फाटके" दिसले. ते फाटके नव्हतेच, उजव्या मोज्याचा तळवा गन बसवली तेव्हा मीच कापायला लावला होता, कारण गनचं हँडल धातूचं आणि अर्थ केलेलं असतं, उघड्या हाताने धरलं की माणूस आपोआप अर्थ होतो. रिपोर्टमध्ये शेरा पडला, परचेसने धडाधड जाड रबरी मोजे मागवले, जोडीला जाड सोलचे नवे शूज. मामांना वरून खालून पॅक केलं. हे सगळं पावसाळ्यात झालं, तेव्हा हवेत इतका दमटपणा की चार्ज कसाही निसटून जातो, कुणाला काही जाणवलं नाही, आणि डिसेंबर उजाडला, सकाळची कोरडी हवा सुरू झाली आणि मामांना बूथचा दरवाजा धरला तरी चट्, नळाला हात लावला तरी चट्. मग सगळ्यांनी ठरवलं की गन लीक आहे.

मी म्हटलं नुसतं सांगून कुणी ऐकणार नाही, दाखवतो. सुपरवायझर साहेबांना आधीच घाई, न्हावा शेवाची गाडी संध्याकाळी लागणार, दर पाच मिनिटांनी घड्याळ. टेस्टसाठी गनमध्ये रंग नको, आसपास थिनर नको, म्हणून मी हेल्परला म्हटलं तो थिनरचा ड्रम बाहेर ने, तर तो ड्रम नेताना पोरगं जरा चाचरलं. बघतो तर ड्रमच्या तोंडाला काजळीची गोल कड.

"हे कधी झालं?"

कुणीच बोलेना. साहेब म्हणाले, "ते काही नाही हो, थोडंसं भक् झालं होतं." हेल्पर मुरबाडचा, नवीन, त्याला गप्प बसणं जमेना, म्हणाला, "परवा झालं सर. मामा कप बुडवायला गेले आणि तोंडाशीच पेटलं. मी झाकण टाकलं."

कप म्हणजे बी-4 फोर्ड कप, रंग किती पातळ झाला ते सेकंदात मोजायचा. मामा मॅटवरून गन ठेवून सरळ ड्रमकडे गेले, अंगात चार्ज तसाच, हातातला धातूचा कप ड्रमच्या कडेजवळ गेला, ठिणगी पडली आणि थिनरची वाफ पेटली. मामांच्या मनगटावरचे केस जळाले होते, ते लपवायला त्यांनी फुल बाह्यांचा शर्ट घातलेला आणि बाह्या माझ्यासाठी वर केल्या होत्या त्या डाव्या हाताच्या नाही, फक्त उजव्या. फोनवर यातलं अवाक्षर नाही. मला खरंच राग आला. पोराने झाकण टाकलं म्हणून, नाहीतर त्या बूथमध्ये फिल्टरला चिकटलेला सुका रंग, कोपऱ्यात थिनरच्या चिंध्या, बघता बघता शेडपर्यंत गेलं असतं.

थिनरमध्ये टोल्युइन असतं, त्याचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला वाफ पेटण्याइतकी होते तो) 4 अंशांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडे थंडीतही त्याची वाफ पेटायला तयारच असते, आणि हवेपेक्षा जड असल्याने ती खाली साचते. ती पेटवायला पाव मिलीज्यूलच्या आसपास एवढीशी ठिणगी पुरते, आपल्याला जाणवतही नाही इतकी बारीक. मामांना तर चट् आवाज ऐकू येत होता.

बूथ रिकामा केला, पेंट लाइन सोडवली, गन धुतलेली, फॅन चांगला वीस मिनिटं चालवला. अर्थ केलेला पत्रा समोर टांगला. मामांना मोजे, शूज, मॅट, सगळं आहे तसं ठेवून नुसत्या हवेवर ट्रिगर दाबायला लावला, मग सोडला, आणि पाठीमागून एक इंचावर फील्ड मीटर धरला. 8 हजार व्होल्ट. माणूस नुसता उभा आहे, हाताची घडी घालून हसतोय, आणि अंगावर 8 हजार व्होल्ट. इलेक्ट्रिशियन भाऊ मीटरवर वाकून बघायला लागला. माणसाच्या शरीराची कपॅसिटन्स, म्हणजे चार्ज साठवायची क्षमता, साधारण 150 पिकोफॅराड धरली तर ही ऊर्जा पाच मिलीज्यूलच्या घरात जाते, म्हणजे वाफ पेटवायला लागते त्याच्या वीसपट. हा हिशोब त्याने स्वतः मोबाइलवर केला, मी सांगायच्या आधी.

मग मी जरा फुशारकीनेच म्हटलं, मामा आता मोजे काढा, उघड्या हाताने हँडल धरा, बघा आकडा कसा खाली येतो. मोजे काढले, ट्रिगर दाबला, सोडला. आकडा 8 हजारच.

आता हे मलाही कोडं. उघड्या हातात धातूचं हँडल आहे म्हणजे माणूस अर्थ व्हायलाच पाहिजे, मॅट असो नाहीतर काही असो. म्हणजे हँडललाच अर्थ नाही? या मॉडेलला वीज वायरने येत नाही, हवेवर फिरणारी छोटी टर्बाइन गनच्या आतच ती तयार करते, त्यामुळे गनला अर्थ मिळतो तो फक्त हवेच्या होजमधून, त्या होजमध्येच अर्थची वाट असते. कंपनीने म्हणूनच त्या होजला मुद्दाम उलटे आटे दिलेत, डाव्या हाताचे, की बाजारातला दुसरा कुठलाही होज बसूच नये.

गन उलटी करून बघितली तर जोडावर चकचकीत पितळी अडॅप्टर. एका बाजूला उलटे आटे, दुसऱ्या बाजूला सुलटे, आणि पुढे नागदेवीला मीटरवर मिळतो तो साधा निळा होज. शेजारच्या गाळ्यातल्या लेथवाल्याने करून दिलेला, काम इतकं सुबक की मानलं पाहिजे. जुना होज फोर्कलिफ्टखाली चेपला होता, नवीन मागवला तर किंमत ऐकून साहेबांनी हा मार्ग काढला होता. कुलपाला चावी लागत नाही म्हणून कुणीतरी कडीच कापून टाकावी तसला प्रकार.

बॅगेत माझा डेमोचा होज होता तो लावला. मामा त्याच मॅटवर, उघडा हात, ट्रिगर. आकडा शंभराच्या आतच घुटमळला. मामा म्हणाले, "हलकं वाटतंय," आता चार्ज काही जड नसतो, पण हाताचे केस उभे राहायचे बंद झाले हे त्यांना कळलं असणार.

त्यानंतरची झकाझकी साहेबांशी. त्यांचं म्हणणं, होज आहेच तर लावून ठेवा, गाडी जाऊ दे, बाकीचं उद्या बघू. मी म्हटलं हुक साफ झाल्याशिवाय ट्रिगर दाबायचा नाही, आणि सर्व्हिस रिपोर्टवर "गन वापरू नये" असं ठळक लिहून आगीचा उल्लेख करून सहीसाठी पुढे केला. सही करेनात. शेवटी मालकांना फोन लावला, ते दोन मिनिटं गप्प होते, मग फक्त "मामांना काय झालं नाही ना?" एवढं विचारलं आणि गाडी दुसऱ्या दिवसावर ढकलली. म्हणून म्हटलं माणूस चांगला आहे.

संध्याकाळपर्यंत सगळे हुक घासायला बसले, साहेबसुद्धा. तोवर मी बाकीचं उरकलं. गन धुवायला डिस्टेंपरची प्लास्टिकची बादली होती ती हद्दपार केली, तिथे पत्र्याची बादली, तिला अर्थची क्लॅम्प, गन धुताना हाय व्होल्टेजचा स्विच बंद आणि गनचा धातू बादलीला टेकलेला. थिनरचा ड्रम बूथच्या बाहेर. फॅन सुरू झाल्याशिवाय गनला हवाच मिळणार नाही असा व्हॉल्व्ह होता, तो कुणीतरी बायपास केला होता, भाऊने परत जोडला. मोज्यांचा तळवा मामांनी स्वतः कापला, कात्री मागून घेऊन. आणि दारावर पेसमेकर असलेल्यांनी आत येऊ नये अशी पाटी लावायला सांगितली, ती मी सगळीकडेच सांगतो आणि बहुतेक ठिकाणी लागत नाही.

पुढच्या सर्व्हिसला गेलो तेव्हा मॅट पॅनलसमोर गेली होती, मामांच्या पायात अँटिस्टॅटिक शूज, कंपनीचा उलट्या आट्यांचा होजपण आलेला. साहेबांनी मोठ्या उत्साहाने हुकांच्या रीडिंगचं रजिस्टर दाखवलं, रोज सकाळी 0.4 मेगाओहम, सोमवारी 0.4, मंगळवारी 0.4, पूर्ण महिना एकाच पेनाने. मी काही बोललो नाही. बाहेर आलो तर भाऊ एक रिकामा ड्रम दाखवत होता, मेगरवर नापास झालेले हुक तो खडूने फुली मारून त्यात टाकतो आणि भरला की जाळायला पाठवतो. ड्रम अर्ध्याच्या वर भरलेला होता. रिपोर्टमध्ये मी रजिस्टरऐवजी तो ड्रम लिहिला.