तुम्ही विचारलंत म्हणून: हात कसा बसला

गणपतीत सातव्या दिवशी गल्लीतल्या मंडळापुढं मी गिटार वाजवली, त्याला आता दोन महिने होत आले. तेव्हापासून ब्लाउज शिवायला टाकायला येणारी निम्मी माणसं माप देता देता एकच विचारतात, "काकू, ते स्ट्रमिंग कसं जमवलं ओ? पॅटर्न लिहून द्या की." स्ट्रमिंग म्हणजे उजव्या हातानं तारा खाली-वर छेडत जाणं. कुणाच्या मुलाची गिटार कपाटावर धूळ खात पडलेली असते, कुणाची स्वतःचीच. दर वेळी तोंडात टाचण्या धरून सांगायला जमत नाही, म्हणून एकदाचं लिहून टाकते. पण पॅटर्न लिहून देणार नाही. का ते पुढं येईल.

माझं वय बावन्न. तीस वर्षं शिवणकाम करते, त्यातली पहिली अठरा पायमशीनवर. राहते मिरजेत, आणि दुसरा प्रश्न हमखास त्यावरूनच येतो. "मिरजेत राहून गिटार?" प्रश्न चुकीचा नाही. हे सतारी आणि तंबोऱ्यांचं गाव. सतारमेकरांच्या गल्लीतून भाजीला गेलं तरी पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आलेले भोपळे दारात वाळत टांगलेले दिसतात. मीरासाहेबांच्या उरुसाला किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या नावानं दर्ग्यात रात्र रात्र गाणं चालतं, आणि माझे सासरे दर वर्षी तिथं पहाटेपर्यंत बसायचे. त्यांच्या सुनेनं इंग्रजी रॉक वाजवावं हे त्यांना आवडलं असतं का, सांगता येत नाही. बहुतेक म्हणाले असते, आधी सुरात लाव.

गिटार माझी नाही, भाच्याची. तो बंगळूरला नोकरीला गेला आणि जाताना "मावशी, एवढं ठेव गं" म्हणून ती माझ्याकडं टाकून गेला. त्याला एकच गाणं यायचं. तीन वर्षं त्यानं आमच्या माडीवर तेवढं एकच वाजवलं, त्यामुळं मलाही तेवढंच पाठ होतं. वंडरवॉल. मँचेस्टरच्या ओएसिस या बँडचं, १९९५ सालचं. नोएल गॅलाघरनं लिहिलं, त्याचा धाकटा भाऊ लिअम गायला. पुढं २००९ मध्ये दोघांची अशी भाऊबंदकी झाली की बँडच मोडला, आणि सोळा वर्षांनी, २०२५ मध्ये, दोघं परत एका मंचावर उभे राहिले. शेतजमिनीच्या वाटणीवरून सुद्धा आमच्याकडं एवढी वर्षं कुणी अबोला धरत नाही. म्हणजे धरतात, पण त्याची तिकिटं विकली जात नाहीत.

तिकडं हे गाणं म्हणे चेष्टेचा विषय झालंय. कुणीही नवशिका गिटार उचलतो आणि हेच सुरू करतो. का, ते हातात घेतल्यावर कळलं. दांडीवरच्या दुसऱ्या आडव्या पट्टीवर कॅपो लावायचा, म्हणजे तारांवर चिमटा. मग अनामिका आणि करंगळी खालच्या दोन बारीक तारांवर, कॅपोपासून तिसऱ्या घरात (दोन पट्ट्यांमधली जागा म्हणजे घर) ठेवायची आणि विसरून जायचं. कडव्यातल्या चारही कॉर्डना, म्हणजे एकदम वाजवायच्या सुरांच्या जुडग्यांना, ती दोन बोटं हलतच नाहीत. ई मायनर सेव्हन, जी, डी सस फोर, ए सेव्हन सस फोर अशी भीतिदायक नावं आहेत खरी, पण त्यात फिरतात ती फक्त तर्जनी आणि मधलं बोट. पुढं सी येतो तोही त्याच दोन बोटांच्या आधारानं. डाव्या हाताला एवढं सोपं रॉक गाणं मला दुसरं सापडलं नाही. खरं अवघड आहे ते उजव्या हाताला. पण नवशिक्याचे डोळे सगळे डाव्या हातावर असतात.

आता नावाचं एक सांगते, कारण "मिरजेत राहून" म्हणणाऱ्यांना मी हेच ऐकवते. वंडरवॉल हे नाव नोएलनं घेतलं बीटल्सवाल्या जॉर्ज हॅरिसनच्या १९६८च्या 'वंडरवॉल म्युझिक'वरून. एका सिनेमाचं संगीत ते. आणि त्यातला काही भाग हॅरिसननं जानेवारी १९६८ मध्ये मुंबईत येऊन, एचएमव्हीच्या स्टुडिओत, आपल्याकडच्या वादकांना घेऊन ध्वनिमुद्रित केला. त्यात शिवकुमार शर्मांचं संतूर आहे. म्हणजे नाव फिरून फिरून मुंबईपर्यंत येतं. मिरजेपासून महालक्ष्मी एक्सप्रेसनं एक रात्र.

सुरुवातीचे दोन महिने वाया गेले, त्यातला पहिला गिटारीमुळं. भाच्यानं ती ऑनलाइन स्वस्तात मागवलेली. तारा दांडीपासून इतक्या उंच की दाबताना सुतळी दाबल्यासारखं वाटायचं, आणि तरी मधल्या दोन घरांत झुण्ण असा आवाज. मी ती घेऊन गेले सतारीच्या एका कारागिराकडं. त्यांनी एका डोळ्यानं दांडी पाहिली, घोडीवरची, म्हणजे तारा टेकतात तिथली, हाडाची पट्टी काढली, तळातून घासली, एका पट्टीवर बारीक कानस फिरवली. मग हसून म्हणाले, "ताई, आमच्याकडं ही झुणझुण आणायचे पैसे घेतो आम्ही. जवारी म्हणतो. तुमची घालवायची म्हणजे उलटंच काम." दीडशे रुपये घेतले. परत आणून वाजवली तर वेगळीच गिटार. कुणी शिकायला लागलं आणि महिन्यात सोडलं असं ऐकलं की मी आता आधी तारांची उंची विचारते. मुलात दोष निघत नाही बहुतेक वेळा.

बोटं दुखतात का, तर हो. पोलादी तारा आहेत. मला थोडं कमी दुखलं, कारण सुया टोचून टोचून तर्जनी आधीच निबर झालेली. करंगळीनं मात्र तीन आठवडे रडवलं. दिवसातून दोनदा पंधरा-पंधरा मिनिटं, बास. एकदम दोन तास बसलात तर दुसऱ्या दिवशी काजं करता येणार नाहीत.

दुसरा महिना गेला पॅटर्नच्या नादात. व्हिडिओत बाण दाखवतात, खाली-खाली-खाली-वर, असे. मी ते मापांच्या वहीत उतरवून घेतले. अजून त्या पानावर एका गिऱ्हाइकाची छाती-कंबर आणि शेजारी सोळा बाण आहेत. बाण बघून हात मारायचा, पुढचा बाण बघायचा, परत मारायचा. वाजत होतं सगळं बरोबर, गाणं मात्र होत नव्हतं. कॉर्ड बदलायची वेळ आली की उजवा हात थांबायचा, डावा हात जागेवर गेला की परत सुरू. माझ्या हाताखाली शिकायला येणारी पोरगी म्हणाली, "काकू, बसला धक्के मारल्यासारखं वाटतंय."

आणि मग एका दुपारी वीज गेली. मोटारीची मशीन बंद पडली, लग्नाचे दोन ब्लाउज राहिलेले, म्हणून मागच्या खोलीतली जुनी पायमशीन पुसून बाहेर काढली. पायमशीन ज्यांनी चालवली आहे त्यांना माहीत असेल: शिकताना पहिले आठ दिवस कापडच देत नाहीत. दोरा नाही, कापड नाही, नुसता पाय चालवायचा. कारण पाय थांबला आणि परत दाबला की चाक उलटं फिरतं, आणि उलटं फिरलं की दोरा गुंततो नाहीतर तुटतो. पाय चालता ठेवायचा, आणि त्या चालीत कापड कुठं द्यायचं ते हातानं ठरवायचं. शिवता शिवता मी एकदम थांबले, म्हणजे पाय थांबला नाही, मी थांबले. गिटारीवर मी दर वेळी चाक उलटं फिरवत होते.

त्या रात्री बाणांचं पान मिटलं. डावा हात सगळ्या तारांवर अलगद पसरून ठेवला, न दाबता, म्हणजे सूर मरतात आणि नुसता चक् चक् असा आवाज येतो. उजवा हात खाली-वर, खाली-वर. एका ठोक्यात चार हालचाली, चार ठोक्यांच्या आवर्तनात सोळा. (सोळा म्हटल्यावर सासऱ्यांची आठवण झाली. तीनतालही सोळाच मात्रांचा. दोन्ही एक नाहीत, पण मोजायला मला तेवढा आधार पुरला.) आठ दिवस तेवढंच. घरचे म्हणाले, रात्री अकराला कसलं शिवण काढलंय हिनं?

तर पॅटर्न म्हणजे काय, ते आता सांगते. हात सोळाच्या सोळा वेळा हलतो. कधीच थांबत नाही. फक्त त्यातल्या काही वेळा पिक, म्हणजे तारा छेडायची चिमटीतली चकती, तारांना लागतं आणि काही वेळा तारांवरून अर्ध्या इंचानं हवेत जातं. न लागलेला झटकाही मारलेलाच असतो. टाळीनं ताल मोजताना 'खाली' म्हणतात त्या बिनटाळीच्या मात्रेला हात नुसता फिरवतात, टाळी देत नाहीत, पण मात्रा सोडत नाहीत, तसं. या गाण्यात माझ्या हाताला जे बसलं ते असं: पहिल्या दोन ठोक्यांत जवळजवळ नुसते खालचे झटके लागतात, वर येताना हात रिकामा येतो, दुसरा ठोका संपता संपता एक वरचा लागतो, आणि तिथून पुढं वरचे-खालचे दोन्ही लागत जातात, म्हणून आवर्तनाचा दुसरा अर्धा भाग भरून आल्यासारखा वाटतो. कुठला लागतो नि कुठला सुटतो ते गाणं शंभर वेळा ऐकलं की हात आपोआप ठरवतो. हे कागदावर लिहून दिलं तर तुम्ही कागद वाजवाल. मी महिनाभर वाजवला आहे.

हात मनगटातून सैल हवा. भांडी घासून झाल्यावर बोटांवरचं पाणी झटकतो तेवढा सैल. खाली जाताना पाच-सहा तारा लागल्या तरी चालतं, वर येताना बारीक दोन-तीनच लागाव्यात. वर येतानाही सगळ्या ओढल्या की पत्र्यावर खडे पडल्यासारखं होतं. पिक पातळ घ्या, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचं, आणि टोक चिमटीतून थोडंसंच बाहेर ठेवा. मी आधी जाड पिक घट्ट धरून वाजवायचे, ते तारेत अडकून उडायचं. आतापर्यंत चार हरवली, त्यातलं एक गिटारीच्या पोटात आहे.

मूळ गाण्याची लय मिनिटाला सत्त्याऐंशी ठोक्यांच्या आसपास आहे. मी फोनवर मेट्रोनोम, म्हणजे एकसारखे ठोके देणारं ॲप, लावून पन्नासला सुरू केलं. पन्नासला कंटाळा येतो, आणि येऊ द्यायचा. दर आठवड्याला चार-पाचनं वाढवलं. गाणं सव्वाचार मिनिटांच्या थोडं वर आहे. मी हिशोब मांडला, एका वेळेला हात दीड हजार वेळा हलतो. एका ब्लाउजला किती टाके पडतात ते मी कधी मोजलेलं नाही.

कॉर्ड बदलायची युक्ती तर सगळ्यात सोपी निघाली, आणि ती मला कुणी आधी सांगितली नाही याचा अजून राग आहे. आवर्तनाच्या शेवटच्या झटक्याला डाव्या हाताची फिरती बोटं उचलून टाकायची. तो झटका मोकळ्या तारांवर जातो. जाऊ दे. अनामिका आणि करंगळी तिथंच असल्यामुळं वाईट वाजत नाही, आणि तेवढ्यात बोटं पुढच्या जागी पोचतात. मी एवढे दिवस समजत होते की चांगले वाजवणारे विजेसारखे बोटं बदलतात.

मंडळापुढं काय झालं ते तुम्ही पाहिलंत, पण सगळं पाहिलं नाहीत. शेजारची बारावीतली मुलगी गात होती. ध्रुवपदाला सीवर जायचं तिथं माझी बोटं भलत्याच तारांवर पडली. पूर्वीची मी असते तर थांबले असते, सॉरी म्हटलं असतं, गिटार खाली ठेवली असती. उजवा हात मात्र चालूच राहिला, डावा हात मी तारांवर नुसता टेकवला, आणि दोन आवर्तनं फक्त चक् चक् गेली. ढोलकीवाल्याला वाटलं ही त्याच्यासाठी सोडलेली जागा आहे. त्यानं तिथं असा तुकडा घेतला की खुर्चीवरच्या आजीबाईंनी टाळ्या वाजवल्या. नंतर तीन जणांनी मला येऊन सांगितलं, काकू, तो मधला भाग झकास बसवलाय. मी हो म्हटलं.

भाचा दिवाळीला आला होता. त्याला वाजवून दाखवलं. पूर्ण ऐकून घेतलं, मग म्हणाला, "मावशी, माझ्यापेक्षा बरं वाजवतेस," आणि गिटार घेऊन जातो म्हणाला. मी सांगितलं, दीडशे रुपये घोडीचे, चारशे तारांचे आणि सहा महिन्यांचं भाडं ठेव, मग ने. ती अजून इथंच आहे, शिवणाच्या टेबलामागं, भिंतीला टेकून.

ज्यांना बघायचंय त्यांनी दुपारी तीन ते चारमध्ये या. तेव्हा गिऱ्हाईक कमी असतं. येताना पातळ पिक आणा. आणि एफ कॉर्डचं मला विचारू नका, तो मलाही अजून येत नाही.