आमची वाटचाल : ऑइल गळतीआधी ब्रीदर

कुडाळात गॅरेज सुरू केलं तेव्हा ऑइल गळणारी गाडी आली की टॅपेट कव्हरचं (इंजिनावरच्या झाकणाचं) पॅकिंग किंवा क्रँकचं सील बदलायचं, एवढंच आमचं काम. काही महिन्यांत तीच गाडी पुन्हा दारात. आता जुन्या पेट्रोल गाडीत सीलला हात लावण्याआधी ब्रीदर (इंजिनाच्या आतला गॅस बाहेर काढणारी नळी) आणि पीसीव्ही व्हॉल्व्ह (त्या गॅसच्या वाटेवरची झडप) तपासतो.

पिस्टनच्या रिंगांमधून थोडा गॅस खाली उतरतोच, नव्या इंजिनातही. त्यात पाण्याची वाफ आणि न जळलेलं पेट्रोल असतं. मॅनिफोल्डची (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांची) ओढ हा गॅस व्हॉल्व्हमधून खेचून पुन्हा जाळायला नेते. व्हॉल्व्ह तुंबला की आत दाब साठतो आणि जे सील कमजोर, तिथून ऑइल बाहेर येतं. एअर फिल्टरच्या डब्यात ऑइल दिसलं, तरी पहिला संशय इथलाच.

पावसाळ्यात गाडी घर ते बाजार एवढीच फिरते. इंजिन पुरतं तापत नाही, वाफेचं आतच पाणी होऊन ते ऑइलात मिसळतं. ऑइलचं झाकण उलटं केलं की लोण्यासारखा फिकट थर दिसतो. कूलंट कमी होत नसेल तर हेड गॅस्केट (इंजिनाच्या हेडखालचं पॅकिंग) उघडायची घाई नको, आधी ब्रीदरच्या नळ्या बघाव्यात.

इंजिन आयडलवर (ॲक्सिलरेटर न दाबता चालू) ठेवून व्हॉल्व्ह नळीसकट कव्हरमधून उपसायचा आणि व्हॉल्व्हच्या तोंडावर बोट धरायचं. ओढ जाणवली पाहिजे. नसेल तर नळी तुंबलीय किंवा व्हॉल्व्ह अडकलाय. बंद इंजिनावर व्हॉल्व्ह हलवला की खुळखुळ वाजायला हवा. कार्ब क्लीनरने धुऊनही वाजला नाही तर बदलायचा, आणि त्याच इंजिनाचाच घ्यायचा. आतली स्प्रिंग त्या इंजिनाच्या ओढीप्रमाणे असते. दुसऱ्याचा बसवला की आयडल बिघडतं. रबरी ग्रोमेट (व्हॉल्व्ह ज्यात बसतो ती रिंग) कडक झाला असेल तर तोही नवा. त्यावर क्लीनर मारू नये, रबर फुगतं.

नळी ऑइल सोसणारीच हवी. पाण्याची साधी नळी आतून मऊ होऊन ओढीने चपटी होते. क्लॅम्पही खाऱ्या हवेने गंजतात, आणि उंदरांनी कुरतडलेली नळी तर नेहमीचीच.

नळीत बोल्ट ठोकून ती बंद करणं मात्र आम्हाला अजिबात मान्य नाही. धूर थांबल्यासारखा वाटतो, पण दाब आतच राहतो.

एवढं करूनही झाकणातून धूर फुसफुसत असेल, तरच कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजून रिंगांचा विषय काढतो.