होम लोनमध्ये न विचारता घातलेला विमा आणि रिफंडसाठी सात महिने : माझा अनुभव

5 जुलै 2024 ला सकाळी मेसेज आला, खात्यातून 25,755 रुपये कापले. आमच्या होम लोनचा पहिला पूर्ण हप्ता होता तो. मी मेसेज दोनतीनदा वाचला कारण लोन घेताना आम्हाला सांगितलेला आकडा 24,744 होता, 28 लाख, 20 वर्षं, 8.75 टक्के, आणि तो आकडा मी स्वतः स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवला होता. हजार रुपयांचा फरक. मिस्टर म्हणाले पहिला हप्ता आहे, मधल्या दिवसांचं व्याज धरलं असेल, पुढच्या महिन्यात बरोबर येईल. पण ते मधलं व्याज जूनमध्येच वेगळं कापलेलं होतं, मग हे कसलं?

सोमवारी शाळा सुटल्यावर तशीच शाखेत गेले. काउंटरवरच्या मुलीने स्टेटमेंट काढून दिलं, त्यात लोनची रक्कम 29,14,460. मी म्हटलं आम्ही तर 28 लाखच घेतले. ती म्हणाली, "मॅडम, त्यात इन्शुरन्सचा प्रीमियम ॲड आहे." 97,000 रुपये प्रीमियम आणि त्यावर 18 टक्के जीएसटी 17,460, मिळून 1,14,460. हे पैसे आमच्याकडून रोख घेतलेच नव्हते, आमच्याच लोनमध्ये वाढवून विमा कंपनीला भरले होते. घरी येऊन हिशोब केला, महिन्याला 1,011 रुपये जास्त, 240 हप्ते, म्हणजे सव्वा लाखाच्या आतल्या विम्याचे आम्ही 2,42,640 भरणार होतो. त्या रात्री मला झोप लागली नाही.

मे महिन्यातला सह्यांचा दिवस आठवत बसलो दोघंजण. बँकेच्या लोन एजन्सीचा मुलगा घरी आला होता, तीसचाळीस ठिकाणी सह्या, आम्ही दोघंही घाईत कारण फ्लॅट रिसेलचा, विकणाऱ्याला 17 तारखेच्या आत चेक पाहिजे होता. मिस्टरांनी एका कागदावर विमा शब्द बघून विचारलं होतं, हे काय आहे म्हणून. तो म्हणाला, "सर, ते लोनबरोबर येतंच, कंपल्सरी असतं, वेगळे पैसे नाहीत." मग एक ओटीपी आला, तो विचारला, आम्ही सांगितला. ओटीपी कशाचा हे आम्ही मेसेज उघडून वाचायला पाहिजे होतं, हे आता कळतं.

शाखेत पुन्हा गेले तर लोनचे साहेब ट्रान्सफर झालेले. नवीन साहेब म्हणाले विमा कंपनीचा विषय आहे, कंपनीला फोन करा. कंपनीच्या फोनवर सांगितलं ही ग्रुप पॉलिसी आहे, मास्टर पॉलिसी बँकेच्या नावावर, बँकेकडून रिक्वेस्ट आली पाहिजे. परत बँक. परत कंपनी. असे आठ दिवस गेले आणि माझ्या हातात एक ओळसुद्धा लेखी नव्हती. माझी नणंद एका पतसंस्थेत नोकरीला आहे, ती म्हणाली वहिनी, तोंडी बोलून काही उपयोग नाही, अर्ज लिही, दोन प्रती काढ आणि एका प्रतीवर इनवर्डचा शिक्का आणि सही घेतल्याशिवाय तिथून हलू नकोस. 15 जुलैला अर्ज दिला. शिक्का द्यायला त्यांनी पाऊण तास लावला, साहेब जेवायला गेलेत म्हणून सांगितलं, मी बाकावर बसून राहिले पण पोच घेऊनच बाहेर पडले. पुढे जे काही झालं ते त्या शिक्क्यामुळे झालं असं मला वाटतं.

विम्याचं सर्टिफिकेट आम्ही बघितलंच नव्हतं. कंपनीला पाचसहा फोन केल्यावर 22 जुलैला ते माझ्या मेलवर आलं आणि ते वाचून मला पैशापेक्षा जास्त राग वेगळ्याच गोष्टीचा आला. एक तर लोन 20 वर्षांचं आणि विमा फक्त 5 वर्षांचा, त्यात कव्हर दरवर्षी कमी होत जाणारं. लोन दोघांच्या नावावर, हप्ता दोघांच्या पगारातून, विमा फक्त मिस्टरांचा. आणि खाली तब्येतीचे प्रश्न होते, मधुमेह आहे का, ब्लडप्रेशर आहे का, कुठली औषधं चालू आहेत का, सगळ्यांपुढे उत्तर "नाही". मिस्टर कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत फाउंड्रीत सुपरवायझर आहेत, सहा वर्षांपासून बीपीची गोळी रोज घेतात आणि त्या मुलासमोरच त्यांनी नाश्त्यानंतर गोळी घेतली होती, हे मला पक्कं आठवतंय कारण पाणी मीच आणून दिलं होतं. हे प्रश्न आम्हाला कोणी विचारलेच नाहीत. म्हणजे उद्या काही वाईट झालं असतं आणि मी क्लेमसाठी गेले असते तर कंपनीने हाच फॉर्म पुढे करून सांगितलं असतं की तुम्ही आजार लपवलात. सव्वा लाख जवळजवळ भरून वर खोटं बोलल्याचा ठपका, तोही माणूस गेल्यावर.

आता फ्री लुकबद्दल, म्हणजे पॉलिसी बघून नको असेल तर परत करायच्या मुदतीबद्दल, कारण आमचं काम त्याच्यावरच झालं. 1 एप्रिल 2024 पासूनच्या इर्डाच्या (विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) नियमाप्रमाणे पॉलिसीचा कागद मिळाल्यापासून 30 दिवसांत ती परत करता येते, आधी साधारण 15 दिवस होते. स्टॅम्प ड्युटी, मेडिकल झाली असेल तर तिचा खर्च आणि जेवढे दिवस कव्हर चालू होतं तेवढ्या दिवसांचा प्रीमियम कापून बाकी परत मिळतं. इथे "मिळाल्यापासून" हा शब्द फार महत्त्वाचा. मी 29 जुलैला फ्री लुकचा अर्ज मेल केला, कंपनीने 20 ऑगस्टला नकार दिला, म्हणे सर्टिफिकेट 24 मे ला मेल केलंय, मुदत संपली. मी विचारलं कुठल्या मेल आयडीवर? दोन वेळा टाळलं, तिसऱ्यांदा सांगितलं, तर तो आयडी आमचा नव्हताच. आमच्या दोघांपैकी कोणाचंही नाव त्यात नाही, नुसते अक्षरं आणि आकडे. मोबाईल नंबर तेवढा आमचा, कारण ओटीपीला लागतो.

बँकेचं उत्तर त्याआधी 14 ऑगस्टला आलेलं, चार ओळी, ग्राहकाने ओटीपीद्वारे संमती दिलेली आहे, पुढील पत्रव्यवहार विमा कंपनीशी करावा. ते वाचून मिस्टर म्हणाले सोड आता, हजार रुपयांसाठी किती पळणार. त्यांचा हेतू चांगलाच होता, मला त्रास होतोय हे त्यांना दिसत होतं. पण मी म्हटलं बीपीच्या प्रश्नापुढे "नाही" हे कोणी लिहिलं ते कळल्याशिवाय मी सोडणार नाही.

28 ऑगस्टला इर्डाच्या बिमा भरोसा या तक्रारींच्या पोर्टलवर विमा कंपनीची तक्रार टाकली, आणि दोन दिवसांनी आरबीआयच्या सीएमएस या तक्रारींच्या पोर्टलवर बँकेची. दोन्ही ठिकाणी पैसे लागत नाहीत, वकील लागत नाही. फोनवरून माहिती हवी असेल तर विम्यासाठी 155255 आणि आरबीआयचा 14448. आरबीआयकडे जाण्याआधी बँकेकडे लेखी तक्रार केलेली असावी लागते, आणि एकतर उत्तर पटलेलं नसावं किंवा 30 दिवस उत्तरच आलेलं नसावं, तिथे माझा तो शिक्क्याचा कागद कामी आला. तक्रारीत मी रडगाणं लिहिलं नाही, पहिला मसुदा तीन पानांचा झाला होता तो नणंदेने फाडायला लावला. तारखा, चुकीचा मेल आयडी, बीपीच्या गोळ्यांचं मे च्या आधीचं प्रिस्क्रिप्शन, आणि मागणी काय ते शेवटी स्पष्ट : पॉलिसी रद्द करा, पैसे परत द्या, त्या पैशावर आमच्याकडून घेतलेलं व्याजही परत द्या.

गौरीच्या दिवशी, घर पाहुण्यांनी भरलेलं, आणि विमा कंपनीतून फोन. इतके दिवस आम्ही फोन करायचो, पहिल्यांदाच तिकडून फोन आला. बाई चांगल्या बोलल्या. एकदा म्हणाल्या, "मॅडम, कव्हर चांगलं आहे, ठेवा की." मी म्हटलं बीपीचं खोटं लिहिलेलं कव्हर मला ठेवायचं नाही. त्यावर त्या गप्प झाल्या आणि कॅन्सल चेक, आधार, लोन स्टेटमेंट मागितलं. 19 सप्टेंबरला मेल आला, पॉलिसी रद्द, 4,722 रुपये कापून 1,09,738 परत. मी स्वयंपाकघरातच खाली बसले आणि रडले, खरं सांगते.

पण वाट बघायचा अवघड भाग त्यानंतरच सुरू झाला, हे कोणी आधी सांगत नाही म्हणून लिहितेय. पैसे आमच्या सेव्हिंगमध्ये येत नाहीत, लोनमधून गेलेले म्हणून बँकेकडे जातात. कंपनीने 26 सप्टेंबरला पाठवले, मी यूटीआर नंबर, म्हणजे पैसे पाठवल्याचा व्यवहार क्रमांक, मागून घेतला. बँक म्हणे आमच्याकडे काहीच आलं नाही. दसरा झाला. मी दर मंगळवारी आणि शुक्रवारी लोन स्टेटमेंट काढून बघायचे, तीच रक्कम, त्यावर तेच व्याज. म्हणजे पैसे कंपनीकडेही नाहीत, आमच्याकडेही नाहीत, आणि व्याज मात्र आम्हीच भरतोय. शाखेतल्या एका वयस्कर क्लार्क काकांनी यूटीआरवरून शोधलं तेव्हा समजलं की पैसे आलेत, बँकेच्याच कुठल्यातरी मधल्या खात्यात पडून आहेत कारण कुठल्या लोनला लावायचे हे कोणी लिहिलंच नाही. त्यांनी लगेच मेल टाकला तरी दिवाळी मध्ये आली. 11 नोव्हेंबरला लोन खात्यात जमा झाले. 26 सप्टेंबरपासून 46 दिवस.

मग मी व्याजाचा हिशोब वेगळा काढून दिला. त्या 46 दिवसांचे 1,210 रुपये होतात. आणि 17 मे पासून पूर्ण 178 दिवसांचं 1,14,460 वरचं व्याज धरलं तर 4,884. आरबीआयची तक्रार अजून चालू होती, त्यामुळे बँकेच्या नोडल ऑफिसरचा, म्हणजे अशा तक्रारी बघणाऱ्या अधिकाऱ्याचा, फोन आला. 46 दिवसांचं त्यांनी लगेच मान्य केलं. बाकीचं देता येणार नाही म्हणाले, कारण तेव्हा पॉलिसी चालू होती. मी लेखी कळवलं की आम्ही न मागितलेल्या गोष्टीसाठी आम्हाला कर्ज दिलं, त्या कर्जाचं व्याज आमच्याकडे कसं काय लागतं. दीड महिना काही नाही. 10 जानेवारी 2025 ला उरलेले 3,674 रुपये जमा झाले, सोबतच्या पत्रात लिहिलं होतं की सद्भावना म्हणून देत आहोत. चूक झाली असं कुठेही लिहिलं नाही.

अजून एक, पैसे जमा झाले की हप्ता आपोआप कमी होत नाही, आमचे नुसते महिने कमी केले होते. हप्ता कमी पाहिजे असा वेगळा अर्ज द्यावा लागला. 5 फेब्रुवारीच्या मेसेजमध्ये हप्ता हजारएक रुपयांनी कमी झालेला दिसला.

विम्याच्या विरोधात मी नाही. डिसेंबरमध्ये मिस्टरांचा आणि माझा वेगवेगळा टर्म प्लॅन घेतला, बीपी लिहून, ब्लड टेस्ट करून. त्यांचा प्रीमियम बीपीमुळे जास्त लागला, तो आम्ही भरला. आणि 1 ऑक्टोबर 2024 पासूनच्या नवीन लोनला बँकेला "की फॅक्ट स्टेटमेंट" (लोनची सगळी मुख्य माहिती आणि खर्च एकत्र दाखवणारा कागद) द्यावंच लागतं, त्यात विम्याचे पैसे वेगळे दाखवावे लागतात. आमचं लोन मे मधलं, आम्हाला तो कागद मिळाला नाही. आता ज्यांचं लोन होतंय त्यांनी सही करण्याआधी तो मागून घ्या आणि शेवटची रक्कम स्वतः बेरीज करून बघा. कर्जासाठी बँक सांगेल त्याच कंपनीचा विमा घ्यायची सक्ती करता येत नाही.

पुण्याच्या विमा लोकपालांकडे (विम्याच्या तक्रारींवर निर्णय देणारे अधिकारी) जायची फाईलसुद्धा मी तयार ठेवली होती, ती वेळ आली नाही. फाईल तशीच आहे. त्यातल्या पहिल्या पानावरचा प्रश्न अजून बाकी आहे, बीपीपुढे "नाही" हे कोणी लिहिलं? बँक म्हणते एजन्सी, एजन्सी म्हणते तो मुलगा आता आमच्याकडे नाही, कंपनी म्हणते फॉर्म बँकेकडून आला. मागच्या आठवड्यात तिघांनाही परत पत्र पाठवलंय, पोस्टाने. दोन पोचपावत्या आल्या आहेत.