चांगला माल आहे ना, मग ओरडून सांगा की

लातुरात माझं फ्लेक्स अन डिझाइनचं छोटं दुकान आहे, त्यामुळं कोणता दुकानदार स्वतःबद्दल काय लिहितो ते मला रोज बघायला मिळतं. आणि जवळजवळ सगळे एकच लिहितात. "योग्य दरात उत्तम सेवा", "सर्व प्रकारचा किराणा माल होलसेल व रिटेल मिळेल", "एकदा अवश्य भेट द्या", वर गणपती, कोपऱ्यात मालकाचा फोटो, खाली दोन मोबाइल नंबर. शेजारच्या दुकानावर हेच, समोरच्यावरही हेच. नाव झाकलं तर कुणाचं दुकान कोणतं ते मालकालाही ओळखू येणार नाही. मग गिऱ्हाइकानं ठरवायचं कशावरून? भावावरून. आणि नुसत्या भावाची मारामारी सुरू झाली की ऑनलाइन अन मॉलपुढं आपला माणूस टिकत नाही, हे काय मी सांगायला पाहिजे असं नाही.

परवा एक लाकडी घाण्यावाले काका आले होते. बोर्डावर काय टाकायचं विचारलं तर म्हणले "शुद्ध तेल मिळेल, एवढंच टाका". मी म्हणलं काका, शुद्ध तर प्रत्येक पाकिटावर लिहिलेलं असतं, तुमच्यात वेगळं काय ते सांगा. मग जे सांगायला लागले ते ऐकत बसावं असं. करडई ते स्वतः बघून घेतात, खडा-माती चाळून काढतात, घाणा सावकाश फिरतो म्हणून तेल फार तापत नाही आणि करडईचा वास तेलात तसाच राहतो, एक किलो तेलाला साडेतीन-चार किलो करडई जाते म्हणून भाव जास्त, आणि ज्याला शंका असेल त्यानं आपली घरची करडई घेऊन यावं, समोर बसून गाळून न्यावं, पेंडही त्याचीच. रिफाइंड तेलाच्या कारखान्यात पेंडीत उरलेलं तेल काढायला सॉल्व्हंट नावाचं रसायन वापरतात, मग रंग काढतात, वास काढतात, हेही त्यांना सगळं माहीत. मी विचारलं हे गिऱ्हाइकाला सांगता का, तर म्हणले "आपल्या तोंडानं आपलं कौतुक काय करायचं मालक, लोकांना कळतंय की".

नाही कळत काका. बाईक थांबवून दहा सेकंद बोर्ड बघणाऱ्याला ह्यातलं काहीच कळत नाही, त्याला फक्त एवढंच दिसतं की पाकिटापेक्षा हे तेल महाग आहे.

शेवटी बोर्ड केला तो असा, वर मोठ्या अक्षरात "तुमची करडई आणा, डोळ्यासमोर तेल काढून न्या", खाली "1 किलो तेलाला साडेतीन ते चार किलो करडई लागते, म्हणून हा भाव". उत्तम नाही, दर्जेदार नाही, विश्वसनीय तर नाहीच नाही. पाकीटवाल्याकडं जे कधीच होऊ शकत नाही ते पहिल्या ओळीत टाकलं.

हा संकोच आपल्याकडं लई खोल आहे. मोठेपणा सांगितला की माणूस फुशारकी मारतो म्हणतात, शेजारच्या दुकानदाराला वाईट वाटंल, पाहुणेरावळे नावं ठेवतील. मला हे मान्यच नाही. बोलणाऱ्याची माती खपते अन गप बसणाऱ्याचं सोनं पडून राहतं असं आपलेच लोक म्हणतात आणि स्वतःच्या दुकानाची वेळ आली की गप बसतात. गिऱ्हाइकाला खरा फरक सांगणं ही त्याची सेवाच आहे, नाहीतर तो बिचारा अंदाजानं पैसे घालवतो.

आमच्या लातूरचंच बघा ना. क्लासवाल्यांचे होर्डिंग बघा, पोराचा फोटो, खाली मेडिकल प्रवेशाच्या नीट परीक्षेचे मार्क, कुठल्या मेडिकल कॉलेजला नंबर लागला तेही. लाजत नाहीत, आणि का लाजावं, निकाल आहे तर दाखवला. लातूर पॅटर्न नाव गावोगावी गेलं ते निकालामुळं हे खरंच, पण निकाल लोकांपुढं सारखा मांडत राहिले म्हणूनही गेलं, आज कुठून कुठून पोरं येऊन इथं रूम करून राहतात. आणि त्याच शहरात डाळ मिलवाले, ज्यांची तूरडाळ देशभर जाते, ते पोत्यावर काय छापतात तर "उत्तम दर्जा". बिनपॉलिशची आहे का, ह्या वर्षीच्या तुरीची आहे का, कोणत्या भागातली तूर आहे, काही नाही. चमकदार पॉलिशची डाळ शेजारी ठेवली की बिनपॉलिशची फिक्कीच दिसणार, मग ती फिक्की का आहे हे तुम्ही नाही सांगितलं तर गिऱ्हाईक तिला जुनाट समजून ठेवून देणार. हे बघून माझा जीव खरंच तुटतो.

तुलना कशी करावी हे शिकायचं तर जालन्याच्या बियाण्यावाल्यांकडून शिका. रोडच्या कडेच्या शेतात वाणाच्या नावाचा बोर्ड ठोकतात, पीक पाहणीचा कार्यक्रम ठेवतात, गावातल्या लोकांना नेऊन दाखवतात, हे आमचं वाण अन हे बांधापलीकडचं दुसरं, बोंडं मोजा. शेतकरी स्वतःच्या हातानं मोजतो. दुसऱ्याला वाईट म्हणायची गरजच पडत नाही.

मोठ्या कंपन्या तर हे कधीपासून करतात. करसनभाई पटेलांनी 1969 ला अहमदाबादेत निरमा सुरू केली, सायकलवर विकायचे, आणि सांगणं एकच, सर्फपेक्षा कितीतरी स्वस्त. सर्फवाले गप बसले का? त्यांनी जाहिरातीत ललिताजी नावाची हिशोबी बाई आणली, स्वस्त घेणं अन चांगलं घेणं ह्यात फरक असतो म्हणून टीव्हीवर ठणकावून सांगितलं. एकाकडं भाव होता, दुसऱ्याकडं दर्जा, दोघांनी आपापलं सांगितलं आणि बायकांनी आपापल्या खिशाप्रमाणं ठरवलं. मला हे एकदम बरोबर वाटतं.

हां, पण मर्यादा आहे, आणि मी फ्लेक्सवर काय छापणार नाही ते गिऱ्हाइकाला आधीच सांगतो. 2010 मध्ये रिनच्या जाहिरातीत टाइडचं पाकीट उघड दाखवून ते कमी प्रतीचं म्हणून दाखवलं होतं, कलकत्ता हायकोर्टानं ती जाहिरात थांबवली. नाव घेऊन तुलना करायला कायद्यात सरसकट बंदी नाही, पण ती प्रामाणिक पाहिजे आणि दुसऱ्याच्या मालाची बदनामी नको. खोटा दावा केला तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात पहिल्या चुकीलाच 10 लाखापर्यंत दंड बसू शकतो. म्हणून "लातुरात नंबर 1" असलं काही कुणी लिहायला सांगितलं की मी विचारतो, कुणी दिला नंबर? "समोरच्याकडं भेसळ आहे" तर अजिबात छापत नाही. "आमच्याकडं शनिवारी माल तपासल्याचा रिपोर्ट भिंतीवर लावलेला असतो" हे पाहिजे तेवढं मोठं छापतो.

सगळ्यात जास्त वाईट वाटतं ते आपल्या जीआयवाल्या, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेल्या मालाचं. कुंथलगिरीच्या खव्याला 2024 ला जीआय मिळालं, बोरसुरीच्या तूरडाळीला मिळालं, जालन्याची मोसंबी, बीडचं सीताफळ, मराठवाड्याचा केसर आंबा, ह्यांना तर त्याच्याही आधी. ही सरकारनं लिहून दिलेली गोष्ट आहे की हा माल ह्याच भागातला आणि ह्याच गुणाचा. आणि रोडवर बोर्ड काय, "ताजा खवा मिळेल". ताजा तर कुठंही मिळतो हो. कोणत्या गावचं दूध, म्हशीचं का गाईचं, सकाळी किती वाजता भट्टी लागते, हे लिहा, अन वर कुंथलगिरी हे नाव सगळ्यात मोठं. एक गोष्ट मात्र आधी करा, जीआयचा लोगो लावायचा तर अधिकृत वापरकर्ता म्हणून चेन्नईच्या जीआय रजिस्ट्रीकडं नोंद करावी लागते, ज्या संस्थेनं तुमच्या भागाचं जीआय घेतलंय तिच्याकडं जा, फॉर्म कसा भरायचा ते तिथं सांगतात. नोंद झाली की मग लोगो बोर्डावर, बॉक्सवर, बिलावर, कॅरीबॅगवर, सगळीकडं टाका.